भागिरथा बोलायला उठली

"हिलेही दोन शब्द बोलाचे हायेत म्हनते," असं म्हणत नरेंद्रनं एका म्हातारीला मंडपात आणून बहिणीसमोर उभं केलं. "मानोऱ्याकडच्या तांड्यावरून आली. भागिरथा नाव."

नाव ऐकताच ज्योत्स्नाच्या काळजात धस्स झालं.

शेलूबाजारच्या त्या अंगणात आज त्यांच्या मायची, तेरेजाबाईंची, महिन्याची मिस्सा, म्हणजे जाऊन महिना झाल्यावरची प्रार्थना, होती. अकोल्याहून आलेल्या फादरांनी मिस्सा आटोपली होती. आता जेवणाआधी ज्याला वाटेल त्यानं उठून बाईंची आठवण सांगायची, असं चाललं होतं. आणि सांगणाऱ्यांची काय कमी! नवरा लवकर गेला तरी बाईंनी पाच लेकरं एकटीनं वाढवली आणि बत्तीस वर्षं नर्स म्हणून सगळ्या पंचक्रोशीची बाळंतपणं केली. लोक त्यांना सिस्टरबाई म्हणत. घरात वचक असा, की संध्याकाळची जपमाळ झाल्याशिवाय कोणाचं ताट वाढलं जायचं नाही. नवे जावई भुकेनं कासावीस होऊन पन्नास-पन्नास वेळा 'नमो मरिया' म्हणायला शिकले ते असे. रिटायर झाल्यावरही बाईंच्या पायाला भिंगरी होतीच. कुठं चालल्या, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

पण ज्योत्स्नाला जे ठाऊक होतं, ते या मंडपात कोणालाच ठाऊक नव्हतं. जायच्या आठ दिवस आधी मायनं दवाखान्यात तिचा हात धरला होता.

"ज्योत्स्ना, माह्या हातानं एक लेकरू गेलं वं. तांड्यावरच्या भागिरथाचं. ते सुई सोसते का म्हून आधी थोडीशी टोचून पाहा लागते. म्या घाईत तशीच देल्ली."

ज्योत्स्नानं घाबरून मायच्या तोंडावर हात ठेवला होता. "बस माये. मांगचं कायले उकरतं?" माय पुढं काहीतरी सांगू पाहत होती, पण हिनं ते ऐकूनच घेतलं नाही. मायनं फादरांपुढं पापनिवेदन केलं असेल, देवानं माफ केलं असेल. आता आणखी कोणाच्या कानावर जायला नको, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

आणि आज ती भागिरथा समोर उभी होती.

"आधी जेवून घ्या ना मावशी, लांबून आल्या," ज्योत्स्ना कसंबसं म्हणाली.

"जेवाचं मंग. आधी बोलाचं." म्हातारी सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसली.

माजी सरपंच उकंडराव बोलत होते. माइक हातात आला की तो सहजासहजी न सोडण्याबद्दल ते प्रसिद्ध. त्यांचं भाषण लांबावं म्हणून ज्योत्स्नानं आयुष्यात पहिल्यांदा देवाची करुणा भाकली. त्यांनी नेमकं आजच आवरतं घेतलं.

"बाईच्या हाताले यश होतं," ते म्हणाले. "बत्तीस वर्सांत त्या हातात एक लेकरू दगावलं नाई. एकबी नाई!"

टाळ्या पडल्या. भागिरथानं वाजवल्या नाहीत. समोर नातवंडं बसली होती. त्यातली राधिका तर आजीसारखं नर्स व्हायचं म्हणून यंदाच कॉलेजात गेली होती. आता सगळ्यांदेखत मायचं नाव मातीत जाणार होतं.

भागिरथा उठली. ज्योत्स्नानं धावत जाऊन तिचा हात धरला.

"हात जोडते मावशी. घरात चाला. काय बोलाचं ते मले बोला."

"म्हंजे तुले ठाऊक हाये," म्हातारी हळूच म्हणाली आणि लोकांकडं वळली. "सरपंचभाऊ खोटं बोलले. माहा शिवम बाईच्याच हातात गेला. दोन वर्साचा होता."

नरेंद्र खुर्चीवरून अर्धा उठला आणि तसाच राहिला.

"मी अडानी. तापानं गेला म्हनली असती, त म्या तेच मानलं असतं. पन बाईनं त्याच दिवशी सांगतलं. माह्या उंबऱ्यावर डोकं टेकवून सांगतलं, सुई चुकली, मी चुकली. माह्या मालकानं काठी उचलली, तरी जागची हलली नाई."

दवाखान्यात माय ज्योत्स्नाला हेच सांगू पाहत होती.

"मंग दरसाल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी यायची. तोच दिवस त्याचा. पयले तीन साल म्या दार उघडलं नाई. बाहीर बसून देवाचं नाव घे अन् निंगून जाये. चौथ्या साली म्या चहा मांडला. तवापासून दोघी बसो. तो कसा चाले, भात कसा सांडे, तेच ते बोलो. जलमाले तिनंच आनलं होतं ना त्याले."

म्हातारी ज्योत्स्नाकडं वळली. इतका वेळ खणखणीत असलेला तिचा आवाज आता कापायला लागला.

"मालक गेला. मांगून झालेल्या लेकरायले त शिवमचं नावबी याद नाई. त्याले पाह्यलेल्या आमी दोघीच उरलो होतो."

तिनं ज्योत्स्नाचं मनगट घट्ट धरलं. घाबरलेली आता ती होती.

"पोळा येऊन राह्यला, पोरी. माह्यासंग बसून शिवमचं नाव घ्याले आता कोन येईन?"