या रविवारचं गाणं

"दे, मी घेतो," म्हणत नवऱ्याने तिच्या हातातली बॅग काढूनच घेतली.

चर्च रस्त्यापलीकडेच होतं, पण तेवढ्या वाटेतही बॅगेची चेन सरकली असती तर पंचाईत होती.

"बरीच जड आहे गं."

"गाण्याची पुस्तकं आहेत."

"असतील," तो म्हणाला. बॅग ऑर्गनमागे ठेवून तो झगा चढवायला आत गेला.

पुस्तकं कसली! परवा रात्री कपाटापाशी बसून तिने गुपचूप आपले कपडे भरले होते. दुसऱ्या गावी तिची थोरली बहीण गाण्याचे वर्ग चालवायची आणि कधीपासून ये ये म्हणत होती. उपासना आटोपली की दुपारची बस धरायची. मात्र नवऱ्याला एक शेवटची संधी तिने ठेवली होती. आज त्याला कळलं, तर बॅग मुकाट्याने घरी परत. नाही कळलं, तर ती चालली.

कळायचं होतं ते गाण्यातून. नवरा पाळक, आणि त्याच्या उपदेशांचा गावभर बोलबाला. दर रविवारी तो एखादं गाजलेलं गाणं घ्यायचा आणि त्यातून पाप आणि तारण उलगडून दाखवायचा. टॅक्सीत आणि सलूनमध्ये वाजणारी गाणी वेदीपाशी येऊन पोचली, तशी मागची बाकंसुद्धा भरायला लागली. गाणी निवडायची मात्र ती, कारण सूर आणि भोंगा यांतला फरक त्याला कळत नसे.

हल्ली ती मुद्दाम निवडत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तोंडावर सांगायला जीभ रेटत नव्हती. आधी दिलं, दोघांची पानं मांडून एकटीच जेवणाऱ्या बाईचं गाणं. नवरा म्हणाला, "वाट पाहणारा देव, आणि जेवायला न येणारे पापी ते आपण." मंडळी गहिवरली. मग दिलं, गळा असून गायचं विसरलेल्या मुलीचं गाणं. त्यात त्याला देवाचं वाया घालवलेलं दान दिसलं. प्रत्येक गाण्यात त्याला देव दिसायचा, बायको काही दिसायची नाही. तिने कपाळावर हात मारून घेतला, पण मनातल्या मनात, कारण ऑर्गन वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात.

या रविवारचं गाणं अगदी उघड होतं. सध्या पोरासोरांच्या तोंडी तेच. एक बाई नवऱ्याला सांगते, मी निघाले, मला शोधू नकोस. याहून स्पष्ट कसं सांगायचं? ढोल बडवून?

उपासना सुरू झाली. सेक्रेटरींनी सूचना वाचल्या. पुढच्या रविवारी शेजारच्या मंडळीचे पाळक उपदेश करणार होते. म्हणजे हा कुठल्याशा सभेला जाणार, तिच्या मनात आलं. बायकोला आधी सांगायची पद्धत नव्हतीच.

ऑर्गनवरच्या छोट्या आरशात तिला नवरा दिसत होता. आज त्याची नुसती चुळबूळ चालली होती. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. तिचीही बोटं पट्ट्यांवर स्वस्थ नव्हती. बोल बाबा, ती मनात म्हणाली, एकदाचं काय ते बोल.

"परवापासून या गाण्याने मला झोप नाही," त्याने सुरुवात केली. "आपण धरून चालतो, निघून जातो तो पापी आणि घरी वाट पाहतो तो देव. पण उलटं असेल तर? पापी घरातच बसलेला असेल, ठार बहिरा. आणि सांगून सांगून थकल्यावर उठून गेला तो देव असेल."

तिने डोळे मिटून घेतले. झालं! आज तर गाण्यातल्या बाईलाच याने देव करून टाकलं.

"मग त्या पापी माणसाने करायचं काय? दारात उभं राहून हाका मारायच्या? छाती बडवायची?" त्याचा आवाज चिरकला. "उठावं, पायात चपला घालाव्यात आणि मुकाट मागोमाग निघावं. देव नेईल तिकडे. तारण तारण म्हणतात ते एवढंच."

खडूस म्हणून नावाजलेल्या खजिनदारांनीसुद्धा नाक शिंकरलं. तिलाही रडू येत होतं, पण ते रागाचं. एवढं सरळ गाणं, आणि हा माणूस पुन्हा आभाळातच!

शेवटचं गीत तिने घाईघाईने उरकलं. नवरा मोठ्या दारात उभा राहून लोकांचे हात हातात घेत होता, तेवढ्यात ती बाजूच्या दाराने सटकली. बॅग खरंच जड लागत होती. एवढं काय भरलं आपण? दर दहा पावलांवर ती मागे वळून पाहत होती. कुणी येत नव्हतं. कुणी येऊ नये म्हणूनच तर ती पळत होती, तरीही तिला ते लागलं.

बस लागलेलीच होती. खिडकीशी बसून तिने बॅग मांडीवर घेतली. रुमाल सापडेना, डोळे तर वाहायला लागलेले. तिने चेन ओढली.

तिच्या कपड्यांवर नवऱ्याचे दोन शर्ट होते. घडी त्याच्याच हातची, वाकडीतिकडी. शर्टांखाली त्याचं दाढीचं सामान आणि फक्त बाहेरगावी जाताना निघणारा मफलर.

कंडक्टरने घंटी मारली. बस हलली.

"अहो थांबवा, थांबवा!" भरल्या बसमध्ये ती ओरडली. "आमचे हे यायचेत अजून!"