अठरा की एकवीस

अठरा फुटी

व्हर्लनने बायकोला होडीच्या मागच्या टोकाला उभं केलं आणि स्वतः पुढच्या फळीवर चढून गळाची काठी लांब केली. काठीचं टोक नेल्डाच्या कानाला टेकलं. त्या कानामागे हिरवट वळ होता.

"पोचते," तो म्हणाला.

"हे कसलं मोजमाप रे?" ओडिसने विचारलं. होड्यांचं दुकान ओडिसचं. हातात उकडलेल्या शेंगांची पिशवी.

"ही माझी जोडीदार. स्पर्धेत मासा होडीशी आणायचा मी, हातजाळीत घ्यायचा हिनं. गेल्या शनिवारी हिनं एवढा मोठा बास मासा घालवला." व्हर्लनने तंबाखू कपात थुंकली. "उभ्या उभ्या झोपते. जागं करावं लागतं."

ओडिस हसला. हसता हसता त्याला तो वळ दिसला. मग तो खाली बघून शेंगा सोलायला लागला.

"ती मोठी बघू या," नेल्डा म्हणाली.

"बाया लहान मागतात, नेल्डाबाई. तुम्हाला मोठी कशाला?"

"लाटा कमी लागतात अंगाला."

एकवीस फुटी

दुसऱ्या कंपनीची. चंदेरी. अडीचशे घोड्यांचं इंजिन. बर्मिंगहॅमचे पैसेवाले डॉक्टर घेतात असल्या.

नेल्डा मागे. व्हर्लन पुढे. काठी लांब.

हातभर कमी.

तो वाकला. तरी कमी.

"पुढं सरक."

"जोडीदार इथंच उभा राहतो," नेल्डा म्हणाली. जागची हलली नाही. "ओडिसला विचार."

"तिथंच," ओडिस म्हणाला. "पुढं आल्या तर गळ फेकताना त्यांचा डोळा काढशील."

व्हर्लन इंजिनाकडे बघत राहिला. त्याने त्यावरून हात फिरवला, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"लहान होडी आणि हे इंजिन. असं दे."

"नाही देणार. फेकून देईल तुला."

"मला फेकणारी होडी अजून बनायचीय, ओडिस. हिला पाण्यात उतरव."

पाणी

"दोरी अडकव!" ओडिस धक्क्यावरून ओरडला.

लाल दोरी. एक टोक इंजिनाच्या बटणात, दुसरं चालवणाऱ्याच्या तरंगत्या जाकिटाला. माणूस उडाला की दोरी ओढली जाते, इंजिन बंद पडतं.

"पट्टा कुत्र्याला घालतात!" व्हर्लन ओरडला. दोरी बटणाखाली लोंबत राहिली.

नेल्डा शेजारच्या खुर्चीत. तिच्या पायाशी काठी. गळ टाकून बघितल्याशिवाय तो होडी घेत नसे.

टोपी उडाली. गालांचं कातडं मागे ओढलं गेलं. तलावाचा काठ नुसती हिरवी रेघ झाला.

"लहानच घेणारय!" तो तिच्या कानात ओरडला. "हिला फक्त पळवून बघतोय!"

आणि त्याच वेगात त्याने सुकाणू फिरवलं.

होडीने पाण्याला दात लावले. व्हर्लनचं तोंड काचेवर आपटलं, काचेवर लाल उमटलं, आणि खुर्ची रिकामी झाली.

सुकाणू वळलेलं ते वळलेलंच.

फेरी.

तो मध्यभागी. डोकं, दोन हात. काय ओरडत होता ते इंजिनापुढे ऐकू येत नव्हतं.

फेरी. लहान झाली. होडी त्याच्या अंगावरून जाणार असं दिसलं तेव्हा त्याने बुडी मारली. जाकिटाने त्याला परत वर फेकलं. इंजिनाचा पंखा त्याच्या बुटापासून वीतभर लांबून गेला. की बुटावरूनच गेला. बूट तरंगत होता, फाटका.

आता ऐकू आलं. "दोरी! नेल्डा, दोरी!"

दोरी तिच्या गुडघ्याशी हलत होती.

फेरी.

तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. इतके मोठे झालेले ते डोळे तिने कधी बघितले नव्हते. स्वतःचे बघितले होते, आरशात.

तिने दोरी ओढली.

शांतता. होडी आपल्याच लाटांवर हेलकावत थांबली. तो धापा टाकत आला आणि दोन्ही हातांनी कडा धरली. नाक चेपलेलं, दात लाल.

"झोपली होतीस काय गं? थांब. वर येऊ दे मला. दाखवतो तुला."

नेल्डाने काठी उचलली. मुठीची बाजू खाली केली. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर मारली. मग पुन्हा तिथंच. हाड मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा, बारीक. तो किंचाळला. डावा हात कडेवरच होता. तिने काठी डाव्या हातावर आणून टेकवली आणि थांबली.

"नको," तो म्हणाला. "नेल्डा. नको गं."

तिने मागच्या टोकाकडे बोट दाखवलं.

"तिकडून चढ. तिथंच बसायचं."

धक्का

होडी सावकाश आली. सुकाणूवर नेल्डा, लाल दोरी तिच्या जाकिटाला. व्हर्लन मागच्या टोकाला, उजवा हात काखेत दाबून, एका पायात बूट.

ओडिस धावत आला. त्याने व्हर्लनकडे बघितलं, काचेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "अरे देवा. डॉक्टरला फोन करू?"

"करा," नेल्डा म्हणाली. "आणि ती लहान बाजूला काढून ठेवा."

ओडिसने व्हर्लनकडे बघितलं. व्हर्लन पाण्याकडे बघत होता.

"तुम्हाला तर मोठी हवी होती, नेल्डाबाई. लाटा लागतील."

"लागू देत."

तिने काठी आवरायला उचलली. मागे व्हर्लनने डोकं दोन्ही खांद्यांत ओढून घेतलं.