मिनोबे बाईंचा शिक्का

"अगदी असाच हवा," म्हणत त्या तरुणाने कागद पुढे सरकवला. कागदावर लाल ठसा होता.

म्हाताऱ्या कुझुहारांना ठसा ओळखायला वेळ लागला नाही. डाव्या कडेची बारीक फट त्यांच्याच हातची होती, एकवीस वर्षांपूर्वी म्हशीच्या शिंगातून तो शिक्का कोरताना कोरणी घसरली तेव्हाची. शिक्का टेकडीवरच्या मिनोबे बाईंचा. सहीच्या जागी चालणारा, नगरपालिकेत रीतसर नोंदवलेला. तो शिक्का आणि त्याच्या नोंदणीचं कार्ड ज्याच्या हाती, तो बाईंच्या नावाने त्यांचं राहतं घर खुशाल विकू शकतो.

"ठसा बघून शिक्का कोरत नाही मी."

"आत्या इस्पितळात आहे हो. शिक्का हरवलाय."

"आत्याचं नाव मला ठाऊक आहे. तुमचं सांगा."

"तुम्हाला काय करायचंय, आजोबा?" त्याने कागद ओढून घेतला. "स्टेशनाजवळ यंत्रावर दहा मिनिटांत होतं हे काम. बसा इथे शिंगं घासत."

मेल्याची जीभ तरी बघा. कुझुहारांचं डोकं सणकलं. बाईंना फोन लावला, तर तो सारखा गुंतलेला. शेवटी दुकान उघडंच टाकून ते निघाले. टेकडीच्या दोनशे पायऱ्या आणि सत्तरी ओलांडलेले गुडघे. वाटेत त्यांनी त्या पोराला शिव्या घातल्या, यंत्राला घातल्या, घर इतक्या उंचावर बांधणाऱ्यालाही सोडलं नाही.

बाईंनी साखळी न काढता दार वीतभर उघडलं.

"मी कुझुहारा, शिक्केवाला. बाई, तुमच्या शिक्क्याचा ठसा एका भामट्याकडे आहे. आत्ताच्या आत्ता नगरपालिकेत चला, नोंद रद्द करून टाका."

"आलात? पोलिसांचा आत्ताच फोन होता. शिक्केवाला घरं लुबाडणाऱ्या टोळीत सामील आहे, घाबरवायला येईल, म्हणाले. या वयात लाज नाही वाटत?"

"अहो, तुमचा शिक्का मीच कोरलाय."

"म्हणूनच तर सगळं ठाऊक आहे तुम्हाला."

धंद्याच्या सेहेचाळीस वर्षांत त्यांना कुणी चोर म्हटलं नव्हतं. गेलं उडत हिचं घर, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं. पण बाई दार लोटू लागल्या तसा त्यांनी फटीत पाय घातला.

"पाय काढा, नाहीतर ओरडेन."

"ओरडा. सगळी आळी गोळा होऊ दे. आधी सांगा, कार्ड कुठंय?"

"ते सकाळीच पोलिसांनी नेलं, तपासाला. साधा कोट घातलेला, चांगला सभ्य मुलगा होता. कागदावर ठसाही घेऊन गेला."

कुझुहारांनी फटीतला पाय मागे घेतला. बाईंना वाटलं, चोर वरमला. त्यांनी पोलक्यातून चिमुकली रेशमी पिशवी काढली आणि फटीतून त्यांच्या नाकासमोर धरली.

"पण शिक्का मागितला, तेव्हा त्यालाही साफ नाही म्हटलं मी. तुम्हीच बजावलं होतंत ना, काही झालं तरी हा कुणाच्या हातात द्यायचा नाही म्हणून?"