मुलाखतीची तालीम

खाडकन थोबाडीत बसली. अमेयचा चष्मा उडून पलंगाखाली गेला.

"डोळ्यांत बघून बोल म्हणलो ना! चल, पहिल्यापासून!" व्यंकटराव ओरडले.

सव्वीस वर्षांच्या अमेयनं वाकून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि बापासमोर पुन्हा उभा राहिला. "माझं नाव अमेय व्यंकटराव जिंतूरकर. राहणार गारखेडा. शिक्षण बी.कॉम." एवढ्यात नजर फरशीवर घसरली. दुसरी बसली.

"पहिल्यापासून!"

"अहो, माणूस आहात का कोण?" स्वयंपाकघरातून भानुमतीबाई कळवळून बाहेर आल्या. "ऑटिझम आहे त्याला. डॉक्टरांनी सांगितलंय ना, त्याला तसं बघणं सोसत नाही म्हणून!"

"डॉक्टरच्या बापाचं काय जातंय? आपण मेल्यावर याला कोण खाऊ घालणार?"

त्या भीतीनं व्यंकटरावांची झोप उडाली होती. मेडिकलवाल्यानं अमेयला काढलं, कापडदुकानानं काढलं, बिल्डरच्या ऑफिसनंही काढलं. कारण एकच. पोरगा मान वर करत नाही, चोर वाटतो. सोन्यासारखं पोरगं, अन् म्हणे चोर! ऐकून ऐकून बापाच्या काळजाला घरं पडली होती. पण तो राग काढायचा कुणावर? लेकरावरच निघत होता.

दुष्काळाचं वर्ष होतं. गल्लीत टँकर आला की हंड्यांनी डोकी फुटत होती. शहराबाहेर मात्र बाटलीबंद पाण्याचे नवे कारखाने दणक्यात चालले होते. त्यातल्याच एकाला माणूस पाहिजे होता. दिव्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या, जिच्या पाण्यात कचरा दिसेल ती बाटली बाजूला काढायची. बस्स. दिवसभर कुणाशी अवाक्षर बोलायला नको. व्यंकटरावांनी एकदा दाखवायला नेलं, तर अमेय तिथून हलेचना. गालातल्या गालात हसत बाटल्या बघत राहिला. याहून चांगलं काम त्याला शोधून सापडलं नसतं. आडवी येत होती ती फक्त मुलाखत. म्हणून रोज संध्याकाळी ही तालीम.

मुलाखतीच्या दिवशी व्यंकटराव केबिनबाहेरच्या बाकावर देवाचं नाव घेत बसले. दार अर्धवट उघडंच होतं. आत साहेबांनी विचारलं, आणि अमेयनं त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून सगळं सांगितलं. नाव, गाव, शिक्षण. कुठं अडखळला नाही, नजर ढळली नाही. बाहेर व्यंकटरावांनी रुमालानं डोळे पुसले.

"छान. उद्यापासून ये कामाला," साहेब म्हणाले. म्हणता म्हणता त्यांनी मान खाली घातली आणि मोबाईल बघायला लागले.

अमेय उठला. खाडकन त्यांच्या थोबाडीत बसली.

"डोळ्यांत बघून बोल," अमेय शांतपणे म्हणाला. "पहिल्यापासून."

साहेबांच्या आरडाओरड्यानं वॉचमन पुंजाराम काठी घेऊन आत धावला. "साहेबावर हात टाकतो व्हय रं? थांब, तुझी मस्तीच जिरवतो!"

पाठीत काठी बसली. अमेय कळवळला, पण लगेच सरळ उभा राहिला. मार बसला म्हणजे चुकलं. चुकलं म्हणजे पहिल्यापासून. त्यानं पुंजारामच्या डोळ्यांत डोळे घातले.

"माझं नाव अमेय व्यंकटराव जिंतूरकर. राहणार गारखेडा..."

"वरून डोळे दाखवतो?" दुसरी काठी खांद्यावर बसली.

"माझं नाव अमेय व्यंकटराव..."

तिसरी तोंडावर बसली. चष्मा फुटला, ओठातून रक्ताची धार शर्टावर आली. भिंतीचा आधार घेत तो परत उभा राहिला. "माझं नाव..."

दारात थिजून गेलेले व्यंकटराव एकदम धावले आणि काठीखाली आडवे पडले. पुंजारामचे पाय धरून ते हंबरडा फोडून म्हणाले,

"नका हो मारू! येतंय त्याला! माझ्या पोराला सगळं येतंय!"