पाढा

गाडीखाली पडून इंधनाचा फिल्टर बदलताना बाबा गुणगुणायचे. गेल्या वर्षी ते गुणगुणणं मध्येच थांबलं, तेव्हा आईला वाटलं, कामात गुंग झाले असतील. अर्ध्या तासाने ती चहा घेऊन गेली, तोवर सगळं संपलं होतं.

आज मी गाडीखाली शिरले, तर आई खुर्ची टाकून बाहेर बसली. "बोलत राहा. काहीही बोल."

मी सतराचा पाढा धरला. पाचावर आले आणि जुना फिल्टर सुटला. पेट्रोल मनगटावरून ओघळलं, नवा बसवताना मी गप्प झाले.

"झालं हं, आई!"

मान वळवली. खुर्ची रिकामी.

गुडघ्यांपायी दहा वर्षं जमिनीवर न बसलेली आई पलीकडून पोटावर सरपटत माझ्याकडे येत होती. "सतरा पंचे पंच्याऐंशी... पुढे म्हण गं, पुढे म्हण."