टायब्रेकरचा प्रश्न

"तो पहिल्यांदा मागे जातो तेव्हा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर कुठला महिना असतो?" रेणूने हातातलं कार्ड वाचून विचारलं.

"फेब्रुवारी," नंदू गाडी पार्क करता करता म्हणाला. "खरा मार्च चालू असतो, पण कुणी पान उलटलेलं नसतं."

रेणूने ते कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी सारलं. असे तीनशे प्रश्न तिनेच लिहून काढले होते आणि गेले तीन महिने रोज संध्याकाळी तीच त्याला विचारत होती. एकदा मध्येच थांबून ती म्हणाली होती, "एवढं यंत्र हाताशी असताना हा माणूस सारखा मागेच का जातो?" नंदूने तेव्हा फक्त "पुढचा प्रश्न" असं म्हटलं होतं.

अमेरिकेतल्या बॉथेलचं मराठी मंडळ दर वर्षी कालप्रवासाचा तो जुना सिनेमा दाखवायचं. रविवारी दुपारी अख्खं थिएटर बुक, आधी सिनेमा आणि मग क्विझ. यंदा सिनेमाला चाळीस वर्षं झाली म्हणून गर्दी जास्तच होती. क्विझ मात्र गेली चार वर्षं एकच माणूस जिंकत होता.

तो माणूस, मोरेश्वर, लॉबीत पॉपकॉर्न घेऊन उभा होता. "काय बे नंद्या! यंदा तरी फाइट देणार का?"

"बघू यार," नंदू हसला.

शेजारी त्याची बायको प्रीता होती. "नंदू, रेणू म्हणत होती, तू फार तयारी केलीस म्हणे."

"छे, कसली तयारी!"

रेणूने पर्सची चेन लावली. कार्डांचा गठ्ठा आत होता.

सिनेमा खरं तर नंदूचा होता. नागपूरला इंजिनिअरिंगला असताना त्यानेच सीडी मिळवली, त्यानेच मोरेश्वरला दाखवली. मग एका दुपारी कँटीनमध्ये वर्गातल्या प्रीताला त्याने तासभर सगळी गोष्ट सांगितली. ती हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. "मला बघायचाय," ती म्हणाली. त्याच आठवड्यात नंदूला कावीळ झाली. सीडी मोरेश्वरने नेली, प्रीताला सिनेमा मोरेश्वरने दाखवला. महिन्याभराने नंदू कॉलेजला परतला तेव्हा सीडी परत मिळाली. प्रीता नाही.

त्याला वीस वर्षं होऊन गेली. अमरावतीच्या रेणूशी नंदूचं लग्न झालं, व्हिसा झाला, दोन शहरं बदलून तो बॉथेलला आला. आला तर तीन गल्ल्या सोडून मोरेश्वर आणि प्रीता. नंदू त्यांच्याकडे जेवायला जायचा, हसायचा, आणि घरी परतताना मोरेश्वरच्या प्रत्येक वाक्यात खोट काढायचा. प्रीताने मोरेश्वरच्या ताटात न विचारता कोशिंबीर वाढली, एवढंही त्याला पुरायचं.

सिनेमा सुरू झाला. पाठ असलेल्या जागी हशा झाला, पाठ असलेल्या जागी शांतता. नंदूच्या पुढच्याच रांगेत प्रीताचं डोकं मोरेश्वरच्या खांद्यावर होतं. नंदूने पडद्याकडे क्वचितच पाहिलं.

क्विझमध्ये एकेक जण गळत गेला आणि शेवटी स्टेजवर दोघं उरले. मोरेश्वरला कॅलेंडर आलं नाही, नंदूला ते आलं. नंदूला कुत्र्याचं नाव आठवलं नाही, मोरेश्वरला आठवलं. दहापैकी नऊ, दोघांचेही.

मंडळाची सेक्रेटरी उल्का माइक घेऊन पुढे आली. "टायब्रेकर! हा सिनेमा चाळीस वर्षांनीही जुना का होत नाही, सांगू? आपल्या प्रत्येकाकडे परत जावंसं वाटणारा एक दिवस असतो. तर मंडळी, यंत्र तुम्हाला मिळालं. कुठल्या दिवशी जाल आणि काय कराल? टाळ्या ज्याला जास्त, तो विनर. आणि ऑडियन्सनेही लिहायचंय. कार्ड वाटतोय, नाव घालू नका. एक कार्ड मी शेवटी वाचणार."

नंदूला कावीळ झालेला आठवडा समोर दिसत होता. खाली तिसऱ्या रांगेत रेणू गुडघ्यावर कार्ड ठेवून लिहीत होती. त्याने पेन उचललं आणि लिहिलं, बाबांना शेवटचं भेटायचं राहिलं, त्या दिवशी जाईन, त्यांच्याजवळ बसेन.

मोरेश्वरचं कार्ड उल्काने आधी वाचलं. "कुठेच जाणार नाही. आहे तिथे सुखी आहे."

प्रीताने ओंजळीत तोंड लपवलं. लोक ओरडले, टाळ्या झाल्या. हाही दिवस याचाच.

मग त्याचं कार्ड वाचलं गेलं. पहिल्या रांगेतल्या एक काकू डोळे पुसत उभ्या राहिल्या, मागोमाग सगळे उठले. टाळ्या थांबेचनात.

"नंद्या, जिंकलास बे!" मोरेश्वरने त्याला मिठी मारली. खांद्यावरून नंदूला प्रीता दिसत होती. उभी राहून ती त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती. वीस वर्षांत असं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं. चषक घेऊन त्याने तो तिच्याच दिशेने उंच केला.

"बसा, बसा, ऑडियन्सचं एक कार्ड राहिलंय," उल्काने कार्डांच्या डब्यात हात घातला. "अरे वा, ही लव्ह स्टोरी दिसतेय. ऐका. 'डिसेंबर दोन हजार दहा, अमरावती. नागपूरचा मुलगा मला बघायला आला होता. पोहे हातात तसेच ठेवून तासभर एका सिनेमाची गोष्ट सांगत होता.'"

थिएटर खदखदून हसलं. उल्काही हसली, आणि पुढे वाचताना तिचा आवाज हळू होत गेला.

"'ती गोष्ट तो मला सांगत नाहीये, दुसऱ्याच कुणाला तरी सांगतोय, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी हो म्हटलं. यंत्र मिळालं तर त्याच सकाळी जाईन, आणि नाही म्हणेन.'"