मिठावरची बेचाळिसावी सावली

बुर्गासच्या मिठागरावर पेलिकन दोघांनी मोजायचे आणि दोघांचे आकडे जुळायला हवेत, असा नियम होता.

"रादोयकाका, आज चुकलात तर घरीच बसवतील तुम्हाला," देसीने बजावलं.

म्हाताऱ्या रादोयने जुनी दुर्बीण लावली. वर एक्केचाळीस पेलिकन होते. खाली पांढऱ्या मिठावर सावल्या मात्र बेचाळीस. त्याने काच पुसून पुन्हा मोजलं.

"तुमच्याच वयाची आहे ती दुर्बीण. ही नवी बघा," देसी हसली.

नवीतून मिठाचे खडेसुद्धा दिसत होते. पक्षी एक्केचाळीस, सावल्या बेचाळीस.

"माझे एक्केचाळीस. तुमचे?"

"तेवढेच," रादोय म्हणाला. "ही नवीच ठेवतो."

देसीने आकडा लिहिला. थवा डोक्यावरून दक्षिणेला गेला, सावल्याही सरकत गेल्या.

एक रादोयच्या पायांपाशी थांबली. त्याने वर पाहिलं. आभाळ मोकळं होतं.

खाली सावलीने सावकाश पंख मिटले.